वरून सगळं दिसतं

ऑफिसात काम करणं आणि ऑफिसात काम करताना दिसणं या दोन स्वतंत्र नोकऱ्या आहेत. पगार एकीचाच मिळतो, आणि तो बहुधा दुसरीचा असतो. आमच्या पतसंस्थेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण दुसऱ्या नोकरीकडे कुणी फारसं मनावर घेऊन पाहिलं नव्हतं. मग संचालक मंडळाने एकमताने ठराव केला आणि शाखेत कॅमेरे आले.

तसा कॅशच्या खिडकीवर एक कॅमेरा पूर्वीपासून होता. त्यात एका कोळ्याने संसार थाटला होता. कोणत्याही ग्राहकाचं फुटेज काढलं तरी त्याला आठ पाय निघत. नवे कॅमेरे मात्र चकचकीत, गोल, छताला उलटे चिकटलेले. ते बसवायला आलेला पोरगा कानामागे पेन्सिल खोचून शिडीवर चढला आणि वरूनच चेअरमनसाहेबांना म्हणाला, "साहेब, व्हिडिओ तर आता पानटपरीवालाही घेतो. तुम्ही ऑडिओवाले घ्या. पैशात फार फरक नाही."

"ऑडिओने काय होतं?"

"माणूस काय करतो ते दिसतं हो. पण काय बोलतो ते कळायला नको?"

चेअरमनसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ऑडिओवालेच बसव."

एक कॅमेरा दारावर, एक कॅशवर, एक कर्ज विभागावर, म्हणजे मी, माझं टेबल आणि थकबाकीदारांची कपाटं यांच्यावर. चौथा चहाच्या खोलीत. "चहाच्या खोलीत कशाला?" असं शाखाधिकाऱ्यांनी भीत भीत विचारलं. "खरी शाखा तिथंच चालते," असं उत्तर मिळालं, आणि त्यावर प्रामाणिक माणसाला काही बोलता येण्यासारखं नव्हतं.

'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात' असा एक फलकही आला. शिपाईमामांनी तो नेमका 'येथे थुंकू नये'च्या पाटीवर ठोकला. त्यामुळे आमच्याकडे थुंकण्यावरची बंदी उठली आणि थुंकणाऱ्यांचं चित्रीकरण सुरू झालं.

संध्याकाळी चेअरमनसाहेबांनी कौतुकाने आम्हाला आपल्या मोबाइलवर सकाळचं रेकॉर्डिंग दाखवलं. पडद्याचे चार चौकोन. मी माझा चौकोन शोधला. टेबल सापडलं, कपाटं सापडली, पाण्याची बाटली सापडली. पण माझ्या खुर्चीत कुणी तरी वयस्कर गृहस्थ खाली मान घालून बसले होते आणि त्यांच्या डोक्याच्या मध्यभागी चांगलं पुरणपोळीएवढं टक्कल होतं.

"हा कोण थकबाकीदार माझ्या खुर्चीत?" मी विचारलं.

कुणीच काही बोलेना. शेवटी कॅशवरच्या ताई अतिशय मायेने म्हणाल्या, "अहो, ते तुम्हीच आहात."

आरसा हा मुळात सभ्य माणूस. तो समोरचं दाखवतो, डोक्यावर चढत नाही. घरच्यांनीही इतकी वर्षं सांभाळून घेतलं होतं. छताच्या कॅमेऱ्याला मात्र भीडमुर्वत नाही. त्या दिवसापासून मी मान मागे टाकून बसायला लागलो, म्हणजे कॅमेऱ्याला टक्कल न दिसता चेहरा दिसेल. तासाभरात टेबलावरचा फोन वाजला.

"झोपलात का?"

"नाही साहेब, विचार करतोय."

"कसला?"

"थकबाकीचा."

"डोळे मिटून?"

थकबाकीचा विचार उघड्या डोळ्यांनी करवत नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

मग आम्ही सगळेच काम करताना दिसण्याच्या कामाला लागलो. यातली पहिली विद्या म्हणजे फाइल. हातात फाइल असली की माणसाला शाखेत कुठंही, कितीही वेळा जाता येतं आणि प्रत्येक खेपेला तो कामातच असतो. माझ्याकडे विहिरीच्या मोटारीच्या एका जुन्या कर्जाची जाडजूड फाइल होती. कर्ज केव्हाच फिटलं होतं, मोटार केव्हाच जळली होती, विहिरीवर आता मंगल कार्यालय आहे. ती फाइल घेऊन मी चहाला जात असे, दारात पाऊस बघायला जात असे, क्रिकेटचा स्कोअर विचारायला कॅशपाशी जात असे. थोड्याच दिवसांत चेअरमनसाहेबांच्या ध्यानात आलं की हे प्रकरण फारच गुंतागुंतीचं असावं. त्यांनी ते मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेतलं. सभेत त्यावर पाऊण तास चर्चा होऊन 'पाठपुरावा चालू ठेवावा' असं ठरलं. मी तो चालू ठेवला.

दुसरी विद्या म्हणजे उघडी खतावणी. छतावरच्या कॅमेऱ्याच्या कोनातून खतावणी उघडलेली दिसते, पण पुढची बाजू टेकवून उभी धरली तर तिच्या आडोशाला उघडलेलं पुस्तक दिसत नाही. त्यामुळे कॅमेरे आल्यापासून माझं वाचन वाढलं. पतसंस्थेने माझ्या बौद्धिक विकासावर केलेला तेवढाच खर्च.

या वाचनातूनच मला कळलं की अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्नच्या कारखान्यात १९२४ पासून काही वर्षं कामगारांवर प्रयोग झाले. उजेड वाढवला की काम वाढतं का, एवढंच बघायचं होतं. उजेड वाढवला, काम वाढलं. उजेड कमी केला, तर म्हणे तरीही वाढलं. तेव्हा कुणी तरी आपल्याकडे लक्ष देतंय एवढ्यानेच माणसं हुरूप येऊन राबतात, असा सिद्धान्त निघाला आणि मॅनेजमेंटच्या पुस्तकांत जाऊन बसला. पुढच्या अभ्यासकांनी त्या आकड्यांवर पुष्कळ शंका घेतल्या. आमच्या शाखेत येऊन गेले असते तर एवढे कष्टही पडले नसते. आमच्याकडे उजेड कमी होतो त्याला भारनियमन म्हणतात, आणि तेव्हा सगळं काम बंद पडतं, कारण इन्व्हर्टरवर फक्त कॅमेरे जोडलेले आहेत. आम्ही अंधारात हात जोडून बसतो आणि ते बसणं नाइट व्हिजनमध्ये अतिशय स्वच्छ दिसतं.

दिसण्याचं एक वेळ निभलं. खरा प्रश्न आवाजाचा होता. माणूस चेहरा गंभीर ठेवून आठ तास काढू शकतो, पण गावात काय चाललंय हे न बोलता तासभरसुद्धा काढू शकत नाही. पहिले काही दिवस शाखेत इतकी शांतता होती की मयत झालेल्या सभासदाचे वारस आले तेव्हा त्यांना ती आपल्यासाठीच पाळली आहे असं वाटून गहिवरून आलं. मग आम्ही चिठ्ठ्या सुरू केल्या. पण 'वरच्या आळीतली ती परत आली' अशी एक चिठ्ठी चुकून पैसे काढण्याच्या स्लिपांत गेली आणि तिच्यावर शाखाधिकाऱ्यांची सही होऊन परत आली. तेव्हापासून लेखी व्यवहार बंद केला.

मार्ग काढला कॅशवरच्या ताईंनी. त्यांनी नोटा मोजायच्या मशीनमध्ये दहाच्या नोटांची एक गड्डी ठेवली, बटण दाबलं, मशीन फर्रर्र करून सुरू झालं आणि त्या आवाजाच्या आड ताई म्हणाल्या, "हं, बोला आता."

शंभर नोटांना मशीन पाच-सहा सेकंद घेतं. तेवढ्या वेळात बातमी बसवायची म्हणजे काय कसब लागतं, ते वर्तमानपत्रवाल्यांना विचारावं. "पाटलांच्या मोठ्या सुनेने—" एवढं होईतो मशीन थांबायचं. ताई निर्विकार चेहऱ्याने तीच गड्डी परत ठेवायच्या. फर्रर्र. "—वेगळं घर मागितलं." फर्रर्र. "सासू काय म्हणाली?" फर्रर्र. "ती म्हणाली, मीच जाते वेगळी!" आमची भाषा अत्यंत नेटकी झाली. विशेषणं गळून पडली. पूर्वी जी भानगड जेवणाच्या सुट्टीत मावत नसे, ती आता दोन-तीन गड्ड्यांत आटपायची.

इकडे चेअरमनसाहेब घरी बसून दिवसभर ऐकत होते की शाखेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत नोटा मोजण्याचं थांबतच नाही. संचालकांच्या बैठकीत ते सद्गदित होऊन म्हणाले, "कॅमेरे बसवल्यापासून लोकांचा विश्वास इतका वाढलाय की ठेवी मोजायला मशीन पुरत नाही." महिनाअखेरीला ठेवींचा आकडा जिथल्या तिथंच दिसला तेव्हा त्यांनी शाखाधिकाऱ्यांना बोलावलं.

"एवढ्या नोटा मोजल्या त्या गेल्या कुठं?"

शाखाधिकारी मूळचे गणिताचे पदवीधर. ते म्हणाले, "साहेब, लोक ठेवतात, आणि लोकच काढतात."

हे विधान कुठल्याही लेखापरीक्षकाला खोडून काढता आलं नसतं. मशीनचा पट्टा मात्र झिजला आणि त्या गड्डीतल्या नोटा इतक्या मऊ झाल्या की शेवटी मशीनच त्या बाद करायला लागलं.

खतावणीच्या आडोशाला पुढचं पुस्तक आलं तेव्हा या सगळ्याचे मूळ पुरुष सापडले. इंग्लंडातले तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम. हे गृहस्थ १७८६ साली आपल्या धाकट्या भावाला, सॅम्युएलला, भेटायला रशियात गेले. क्रिचेव्ह नावाचं ते गाव आता बेलारूसमध्ये आहे. सॅम्युएल तिथं पोटेम्किन सरदारांच्या जहागिरीतले कारखाने सांभाळत होते आणि कामगारांवर लक्ष कसं ठेवावं या विवंचनेत होते. एका माणसाने मधोमध बसावं आणि भोवतीचे सगळे त्याला दिसावेत, अशी इमारत त्यांच्या डोक्यात आली. थोरल्या भावाने ती कल्पना उचलली, तिला पॅनॉप्टिकन असं नाव दिलं आणि तिचा तुरुंग करायचं ठरवलं. मधला माणूस आपल्याकडे बघतोय की नाही हे कैद्यांना कळूच नये, म्हणजे तो नसला तरी चालतं, ही त्यातली खुबी. थोडक्यात, ही युक्ती आधी कामगारांसाठी निघाली आणि कैद्यांच्या वाट्याला नंतर आली. वाचून मला तुरुंगातल्या लोकांबद्दल सहकाऱ्यांइतकी आपुलकी वाटली.

बेंथमसाहेब १८३२ साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा सांगाडा पेंढा भरून, कपडे घालून, मेणाचं डोकं बसवून जपून ठेवला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते काचेच्या पेटीत खुर्चीवर बसलेले असतात. मध्यंतरी तिथल्या संशोधकांनी त्यांच्या पेटीवर कॅमेरा बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांची छायाचित्रंही घेतली. ही हकीकत चेअरमनसाहेबांच्या कानावर जाता कामा नये, असं आम्ही त्याच दिवशी दोन गड्ड्यांत ठरवून टाकलं.

कामाच्या जागी कॅमेरा लावावा तर केंब्रिजवाल्यांनी. तिथल्या विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एक भांडं होतं. दुसऱ्या मजल्यांवरचे संशोधक जिने तुडवत यायचे आणि भांडं रिकामं निघायचं. तेव्हा १९९१ साली त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि चित्र आपापल्या संगणकावर घेतलं. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर गेलं आणि कोण कुठले लोक जगाच्या पाठीवरून ते भांडं बघत बसले. २००१ साली कॅमेरा बंद झाला तेव्हा त्यातलं शेवटचं भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. जगातला पहिला वेबकॅम तो हाच. त्यांना बिचाऱ्यांना बरोबर उमगलं होतं की कॅमेरा भांड्यावर रोखायचा असतो, पिणाऱ्यावर नाही.

आमच्या चहाच्या खोलीत याच्या नेमकं उलट. एके दिवशी शिपाईमामा कपात साखर घालत असताना छतातून आवाज आला, "तीन चमचे?"

कॅमेऱ्यात स्पीकरही आहे हा शोध साहेबांना त्याच सकाळी लागला होता. मामा जागेवरच दचकले, पण सावरून वर बघत म्हणाले, "साहेब, हा तुमचाच कप आहे. तुम्ही येणार होता ना अकराला?"

छत गप्प झालं.

स्पीकरचा शोध लागल्यावर साहेबांनी शाखा छतातूनच चालवायला घेतली. "पंखा बंद करा", "पायरीवर चप्पल कुणाची आहे?", "त्या गृहस्थांना बसायला द्या." एका म्हाताऱ्या आजी मुदत ठेवीची पावती घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. वरून आवाज आला, "आजी, घाई करू नका, पुढच्या महिन्यात मोडा, व्याज जास्त मिळेल." आजींनी पावती कपाळाला लावली, छताला हात जोडले आणि म्हणाल्या, "तू सांगशील तसं, बाबा." ठेव मोडली नाहीच, वर पुढच्या आठवड्यात दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. त्या तिघीही खिडकीकडे न बघता थेट छताशी बोलत होत्या. ठेवी वाढल्याचा हाच काय तो एक खराखुरा प्रसंग.

माझा भाचा हिंजवडीत आयटीत आहे. मी त्याला अभिमानाने आमचे हाल सांगितले तर तो हसला. "मामा, तुमचा कॅमेरा निदान छतावर दिसतो तरी. आमचा माउसच चुगली करतो. थोडा वेळ हलला नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि वरिष्ठांचा मेसेज येतो, 'सगळं ठीक ना?'" घरून काम करताना तो माउस मनगटी घड्याळावर ठेवतो. खाली सेकंदकाटा फिरत राहिला की माउसला आपण हलतोय असं वाटतं. घड्याळ काटेवालं हवं, डिजिटल चालत नाही, हे त्याने मला बजावून सांगितलं. इंजिनिअरिंगची चार वर्षं वाया गेली नाहीत, याचं मला समाधान वाटलं. अमेरिकेत एका मोठ्या बँकेने २०२४ साली असंच कीबोर्ड चालू असल्याचं सोंग करणाऱ्या डझनभराहून अधिक लोकांना घरी पाठवलं. म्हणजे बहुधा ते घरीच होते, त्यांना घरीच ठेवलं.

नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधल्याचं चेअरमनसाहेबांच्या वाचनात आलं तेव्हा त्यांनी आमच्या पिग्मी एजंटाला बोलावून तसलं घड्याळ घेण्याविषयी विचारलं. पिग्मीवाला दिवसभर दुकानोदुकानी हिंडणारा माणूस. तो म्हणाला, "साहेब, मी कुठं आहे हे सगळ्या बाजारपेठेला माहीत असतं. ज्याला पैसे भरायचे नसतात, तो मी चौकात शिरलो की शटर ओढतो. घड्याळ राहू द्या, तेवढं पेट्रोलचं बघा." घड्याळाचा विषय तिथंच मिटला. पेट्रोलचाही.

एवढ्या दिवसांत आमच्या हळूहळू लक्षात आलं की खरे हाल आमचे नव्हतेच, चेअरमनसाहेबांचे होते. आम्हाला सहा वाजता सुट्टी होती. बघणाऱ्याला कुठली? सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातात आमची शाखा, अशा अवस्थेत त्यांना लोकांनी पाहिलं. मुंडावळ्या बांधलेल्या पुतण्याने वाकून नमस्कार केला तर "कॅश टॅली झाली का?" असा आशीर्वाद मिळाला. त्यांचं स्वतःचं खताचं दुकान आहे. तिथं गल्ल्यावर बसून ते आमच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत असताना कुणी तरी समोरून युरियाची पोती उचलून नेली. दुकानात कॅमेरा नव्हता. "मी स्वतः तिथं बसलेला असताना कॅमेरा कशाला हवा?" असं त्यांचं म्हणणं होतं.

साहेब थकले की मोबाइल वहिनीसाहेबांकडे जाऊ लागला. त्यांना आधी हिशेबात रस नव्हता, पण चार चौकोनांत रोज तीच माणसं, तेच कपडे, तीच रुसाफुगी, आणि मध्ये जाहिराती नाहीत! दुपारच्या मालिकेच्या जागी त्यांनी आम्हाला लावलं. त्यांच्या जाऊबाईही येऊन बसू लागल्या. आम्हाला याचा पत्ता लागला तो साहेबांच्या फोनमुळे. फार अवघडून ते कॅशवरच्या ताईंना म्हणाले, "ते... घरून विचारतायत, काल तुमच्या डब्यातल्या वांग्यात तीळ होते का खोबरं?"

"कारळं होती," ताई म्हणाल्या. "आणि वहिनींना सांगा, वाटण कच्चं घालायचं नाही."

मग पुढं चौकशा वाढल्या. मामांचा खोकला बरा आहे का? पिग्मीवाला दोन दिवस दिसला नाही, भांडण झालं का? कर्ज विभागातले ते गृहस्थ सारखे वर का बघतात, त्यांना मानेचा त्रास असेल तर आमच्या माहितीत एक मालिशवाला आहे. मी वर बघणं सोडलं. टक्कल परवडलं.

अखेर आम्ही शिष्टमंडळ घेऊन गेलो. मी हातात मोटारीची फाइल घेतली होती. आत भाच्याने पाठवलेल्या कायद्याच्या माहितीचा कागद होता. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं आहे की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं मी वाचून दाखवलं. नऊ जणांचं एकमत झालं, हे ऐकून संचालक मंडळाचा अनुभव असलेले साहेब क्षणभर चकित झाले. पण त्यांनीही वकिलाला विचारून ठेवलं होतं.

"२०२३चा डेटा संरक्षणाचा कायदा वाचला का? नोकरीच्या कामापुरती माहिती मालकाला संमतीवाचून वापरता येते. नुकसान टाळायला, हेरगिरी रोखायला!"

"साहेब, त्याच कायद्यात माहिती नीट सांभाळली नाही तर अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे."

अडीचशे कोटी हा आकडा आमच्या शाखेत यापूर्वी कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता. साहेबांनी पाणी प्यायलं. "पण हेरगिरीचं काय?"

"आपल्याकडे कोण करणार हेरगिरी?"

"समोरची पतसंस्था! आपल्या थकबाकीदारांची नावं त्यांना कळली तर?"

"त्यांचेही तेच आहेत, साहेब," शाखाधिकारी म्हणाले.

तेव्हा कॅशवरच्या ताई पुढे झाल्या. त्या जुन्या वाड्यात वाढलेल्या. "साहेब, आमच्या वाड्यात कुणाच्या घरी काय शिजलं, कोण रात्री किती वाजता आलं, सगळं सगळ्यांना माहीत असायचं. कुणाची तक्रार नव्हती. कारण त्यांचं आम्हाला माहीत होतं आणि आमचं त्यांना. इथं आमच्या वांग्यात काय आहे हे तुम्हाला कळतं, तुमच्या वांग्यात काय आहे ते आम्हाला कुठं कळतं?"

साहेब थोडा वेळ गप्प राहिले आणि मग जगातल्या यच्चयावत बघणाऱ्यांचं ठेवणीतलं वाक्य त्यांनी बाहेर काढलं, "लपवण्यासारखं काही नसेल, तर घाबरायचं कशाला?"

शिष्टमंडळ चहा पिऊन परतलं.

आणि मग ऐन पावसाळ्यात माझी छत्री गेली. काळी, लाकडी मुठीची, आतून पांढऱ्या रंगाने माझं नाव लिहिलेली. दाराशी ठेवली होती, संध्याकाळी नव्हती. दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब सभेसाठी शाखेत होते. त्यांना कोण आनंद झाला! "आता बघा कॅमेऱ्याचा उपयोग," असं म्हणत त्यांनी डोक्यावरची टोपी ठाकठीक केली आणि माझ्या टेबलामागच्या पडद्याशी खुर्ची ओढली. साहेबांची टोपी हलते ती एवढीच. ती उतरलेली आमच्यापैकी कुणी कधी पाहिली नव्हती.

पडद्यावर तारीख १ जानेवारी २००० होती. यंत्राची आतली बॅटरी गेली होती म्हणे. त्यामुळे काल नेमका केव्हा झाला ते शोधण्यात बराच वेळ गेला. पण कुणाची तक्रार नव्हती. खासगीपणासाठी भांडून आलेलं सबंध शिष्टमंडळ पडद्याला डोळे लावून उभं होतं. "थांबा, थांबा, मागे घ्या, ही कोण आली होती?" "अगं बाई, त्यांची धाकटी! किती वाळलीय!" "आवाज वाढवा जरा." दोन ग्राहकही गज ओलांडून आत आले. मध्येच कॅशचा आवाज आला, फर्रर्र, आणि त्या पाठोपाठ अर्धं वाक्य. ताई घाईघाईने म्हणाल्या, "हे काही नाही, पुढे घ्या, पुढे घ्या!"

शेवटी दाराचा चौकोन आला. पांढऱ्या शर्टातला एक माणूस पाठमोरा आला, थांबला, हाताने काही तरी केलं, खाली वाकला आणि छत्री उचलून चालू लागला. वरून त्याचं फक्त डोकं दिसत होतं. डोक्याच्या मध्यभागी टक्कल होतं.

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"हे तर तुम्हीच," शाखाधिकारी म्हणाले.

"मी? माझी छत्री?"

"आपलीच छत्री चोरायची आणि वर तक्रार करायची!" चेअरमनसाहेब गरजले. "विम्याबिम्याचा काही प्रकार आहे का हा?"

मी स्वतःचं टक्कल पडद्याशी ताडून बघायच्या बेतात होतो, तेवढ्यात छतातून आवाज आला. बाईमाणसाचा.

"अहो, ते तुम्ही आहात!"

शाखेत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि रेकॉर्डही झाली असती.

"काल मी आणि जाऊबाई बघतच होतो ना! टोपी काढलीत, रुमालाने डोकं पुसलंत, टोपी खिशात कोंबलीत आणि ती छत्री उचललीत. मला वाटलं आपलीच आहे. ती जर त्यांची, तर मग आपली नवी छत्री तुम्ही कुठं विसरलात?"

साहेबांनी छताकडे पाहिलं. छताने उत्तराची वाट पाहिली. मग कॅशकडून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. ताईंनी माणुसकीच्या नात्याने पूर्ण गड्डी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी कानामागे पेन्सिल खोचलेला पोरगा शिडी घेऊन हजर झाला आणि त्याने चारही कॅमेऱ्यांचे माइक आणि स्पीकर बंद केले. चित्र राहिलं, आवाज गेला. छत्री माझ्या टेबलावर परत आली होती. आम्ही साहेबांना भीत भीत कारण विचारलं, तर ते आमच्याकडेच चिडून बघत म्हणाले, "खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे! २०१७ सालीच निकाल लागलाय, नऊच्या नऊ न्यायमूर्तींचा. तुम्ही लोक काही वाचतच नाही."